कव्हरवर नसलेला गजा

आमच्या बँडची एकच कॅसेट निघाली आणि तीही लाइव्ह. बँडचं नाव फाउंड्री. नावामागे काही थोर विचार नव्हता. गिटारवाला मेल्विन विक्रोळीच्या एका कारखान्यात फाउंड्रीत कामाला होता आणि दुसरं नाव कुणाला सुचलं नाही. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या उपनगरांत हेवी मेटल वाजवणारी मराठी पोरं होती हे आजच्या मुलांना सांगितलं की ती समजूतदारपणे मान हलवतात आणि मोबाइलकडे वळतात. पण होतो आम्ही. मी बेस गिटार वाजवायचो. दिवसभर घाटकोपरच्या एका विमा कचेरीत फायली इकडून तिकडे करायच्या आणि संध्याकाळी मुलुंडला घरी न जाता उलटं मरोळ गाठायचं. मेल्विनच्या मामाचं तिथे बॅटऱ्या चार्ज करायचं गोदाम होतं, त्यात आमची प्रॅक्टिस चाले. आई विचारायची, "तिकडे नक्की काय करता रे तुम्ही?" मी म्हणायचो, "संगीत." एकदा तिने आमची टेप ऐकली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

त्या कॅसेटच्या कव्हरवर चार नावं आहेत. गिटारवर मेल्विन, ड्रम्सवर सुरेश, बेसवर मी नंदकुमार आणि गायक म्हणून रॉजर. फोटोतही रॉजरच पुढे उभा आहे, केस मोकळे सोडून, छातीवर हात बांधून. आत मात्र पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत जो आवाज आहे तो रॉजरचा नाही. तो गजाचा आहे. गजानन वैती, वर्सोवा कोळीवाडा. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, तेव्हा आता बसलोच आहे तर सगळंच सांगतो.

रॉजरला दुबईच्या हॉटेलात गाण्याची नोकरी लागली आणि तो कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी उडाला. पवईच्या बाजूला एका कॉलेजच्या पटांगणात तो कार्यक्रम ठरला होता, आणि घाटकोपरचे कानजीभाई तो रेकॉर्ड करून कॅसेट काढणार होते. कानजीभाईंचा मूळ धंदा भजनांच्या आणि गरब्याच्या कॅसेटींचा. आमच्यात त्यांना काय दिसलं देव जाणे. त्यांचा पुतण्या आमचा चाहता होता, तेवढंच असावं. गायकच गेल्यावर ड्रमवाला सुऱ्या म्हणाला, "वाट लागली." दोन दिवसांनी मेल्विन गजाला घेऊन गोदामात आला.

गजा त्याला वर्सोव्याच्या धक्क्यावर सापडला होता. मेल्विन तिथे मावशीसाठी मासळी घ्यायला गेला होता. गजा धक्क्यावर उभा राहून खाडीतल्या एका बोटीवरच्या माणसाला इंजिनाचा कुठला नट ढिला करायचा ते सांगत होता. मध्ये दोन इंजिनं धडधडत होती, वारा होता, बर्फ फोडायचं मशीन चालू होतं, तरी त्याचा शब्दन् शब्द पलीकडे पोचत होता. ओरडताना त्याच्या मानेची शीरही फुगत नव्हती म्हणे.

"हा गातो की नाही मला माहीत नाही," मेल्विन आम्हाला म्हणाला, "पण हा ऐकू येतो."

गजा सव्वीस-सत्तावीसचा असेल. बुटका, रुंद, हाताच्या रेषांमध्ये डिझेल मुरलेलं. आल्या आल्या त्याने चपला दाराबाहेर काढल्या. मी म्हटलं, "अरे, ॲसिड सांडलेलं असतं इथे, घाल." तो म्हणाला, "गानं म्हनायचं ना? मग?" पुढेही तो कधी चपला घालून गायला नाही. पाय फाकवून उभा राहायचा, डावा हात कानामागे, आणि तोंड आमच्याकडे नाही, लोकांकडेही नाही, कुठेतरी बाजूला लांब.

त्याचं एक विचित्र दुःख होतं आणि ते तो हसत सांगायचा. कोळ्याचा पोरगा, आणि त्याला बोट लागायची. बाप नावाजलेला तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, दोन्ही भाऊ बोटीवर, आणि हा बंदराच्या बाहेर पडलं की ओकायला लागे. बापाने चार मोसम प्रयत्न केले, लिंबू झालं, आलं झालं, देवीला नवस झाला. शेवटी त्याने याला किनाऱ्यावरच इंजिनं दुरुस्त करायला बसवलं. कोळीवाड्यात त्याला सगळे मायेनेच वागवायचे, पण ती माया लंगड्यावर करतात तसली. जाळं विणायला पुरुषांच्या घोळक्यात बसला की गप्पा समुद्राच्या, आणि बाजाराला निघालेल्या बायकांत बसायची सोय नाही. त्याचं जेवण तो इंजिनाच्या शेडमध्ये एकटाच जेवायचा. आमच्याकडे यायला लागल्यावर तो डबा गोदामात आणू लागला. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. पहिल्या दिवशी त्याने अर्धी भाकरी मोडून माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "खा रे नंद्या. कोनाबरोबर खाल्लं की लागतं पोटाला." मुलुंडच्या आमच्या घरात अंडंही येत नसे. मी खाल्ली आणि मला ती फार आवडली. घरी आईने तीन दिवस माझा शर्ट वेगळ्या बादलीत भिजवला.

इंग्रजी त्याला बेताचंच. मेल्विनची गाणी तो एका शंभर पानी वहीत देवनागरीत उतरवून घ्यायचा. पण पाठ करायच्या आधी त्याला अर्थ लागे. "अर्थ सांग आधी. नायतर मी कोनाला काय बोलतोय ते मलाच कळनार नाय." हे काम माझ्याकडे आलं. आता मेल्विनची गाणी म्हणजे आग, राख, साखळदंड, कवट्या. मी एका संध्याकाळी सांगितलं, "आम्ही आगीच्या नदीतून निघालो आहोत."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? गाणं आहे."

"निघालो तर कारन असेल ना यार. कोन मागे लागलंय? का कोनाला आनायला चाललोय?"

मी मेल्विनकडे बघितलं. तीन वर्षं ते गाणं वाजवत होतो, त्याच्याही डोक्यात हे कधी आलं नव्हतं. तो म्हणाला, "तुला काय वाटतं?" गजाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "आनायला चाललोय. मागे राह्यलाय एक जन." मग त्याने ते गाणं म्हटलं. रॉजर त्यात किंचाळायचा, आणि छान किंचाळायचा, मी नाही म्हणत नाही. गजाने त्यात हाक मारली. सुऱ्याने काठ्या खाली ठेवल्या. गोदामाबाहेर बॅटरी घ्यायला आलेला रिक्षावाला आत डोकावून विचारू लागला, "कोणी हरवलंय का?"

कार्यक्रमाला आठ दिवस उरले तेव्हा मेल्विन, मी आणि गजा कानजीभाईंकडे गेलो. गायक बदलला हे त्यांना सांगायचं होतं. ते गादीवर बसून शेंगदाणे खात होते. ऐकून घेतलं आणि मागच्या फळीवरून एक गठ्ठा काढून आमच्यासमोर टाकला. कव्हरं छापून तयार होती. भजनाच्या कव्हरांबरोबर त्यांनी तीही एकाच फेरीत छापून घेतली होती.

"कार्यक्रम व्हायच्या आधीच छापलं?" मेल्विन म्हणाला.

"कार्यक्रम तर होणार ना? मग?" कानजीभाई म्हणाले. "माणूस बदलला तर बदलला. गाणारा दिसतो थोडाच कॅसेटमध्ये."

मेल्विनने बरीच हुज्जत घातली. गजाने एक कव्हर उचललं, रॉजरच्या फोटोकडे बघितलं, उलटून मागची बाजू वाचली आणि जिथलं तिथे ठेवलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "पोरगा दिसायला चांगला हाय." मेल्विन पुढे गेला तसा त्याने माझं कोपर धरलं.

तेव्हा त्याने मला त्याच्या बापाची सवय सांगितली. बोट परत येताना खाडीच्या तोंडाशी आली की बाप उभा राहून बोटीवरच्या सगळ्यांची नावं एकेक करून हाकारायचा. धक्क्यावर बायका उभ्या असत, त्यांना कळावं की सगळे आले. स्वतःचं नाव तो घेत नसे. त्याची गरज नसे, आवाजावरूनच कळे. लहानपणापासून गजा धक्क्यावर आईशेजारी उभा राहून ती नावं ऐकत आला होता. आधी काकांची, मग भावांची.

"माझं कवा येनार त्यात? मी तर धक्क्यावरच," तो म्हणाला. "नंद्या, स्टेजवर तुम्हा सगळ्यांची नावं मी घेनार. तसंच, बापासारखी. पन माझं तू घे. मेल्विन नको, तो भाषन करेल. तू नुसतं नाव घे. गजानन वैती, पुरं. टेपवर एकदा येऊ दे. कव्हर गेलं खड्ड्यात."

मी म्हटलं, "त्यात काय, घेतो की." हातावर हात मारला. पुढचे आठ दिवस मी कचेरीच्या बाथरूममध्ये ते नाव म्हणून बघत होतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. माझी तयारी होती, एवढंच सांगायचं आहे.

कार्यक्रम संध्याकाळी सहाला सुरू झाला. गजा अनवाणी स्टेजवर आला तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं हसली. "रॉजर कुठाय?" म्हणून दोघं-तिघं ओरडले. त्याने कानामागे हात नेला आणि पहिल्या गाण्याची पहिली ओळ टाकली. दुसऱ्या गाण्याला हसणं थांबलं. आगीच्या नदीचं गाणं झालं तेव्हा पटांगणाच्या टोकाला भेळवाल्याभोवती उभी असलेली पोरंही पुढे आली होती. त्या दिवशी तो जसा गायला तसं कुणी गायलेलं मी समोरून पुन्हा ऐकलं नाही. आम्ही तिघं नेहमीपेक्षा बरे वाजवत होतो, कारण त्याच्या मागे वाईट वाजवायची लाज वाटत होती.

शेवटच्या गाण्याआधी त्याने नावं घेतली. आधी "सुरेऽऽश मोरे", मग "मेल्विऽऽन परेरा", मग माझं. प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या. माझ्याही पडल्या. आयुष्यात माझं नाव इतक्या मोठ्याने कुणी घेतलं नव्हतं. मग तो माझ्याकडे वळला.

दुसरा माइक माझ्यापासून दोन पावलांवर होता. मी ती दोन पावलं टाकली. समोर ती सगळी कॉन्व्हेंटची पोरं, काळे टीशर्ट घातलेली. आणि माझ्या मनात आलं, हेवी मेटलचा गायक आणि नाव काय, तर गजानन! हसतील. खरोखर एवढंच मनात आलं. आत्ताच त्यांनी नंदकुमार या नावाला टाळ्या वाजवल्या होत्या, हे सुचलं नाही. तोंड उघडलं आणि मिटलं. गजा माझ्याकडे बघत होता. घाई करत नव्हता. मग तो जरासा हसला, माइककडे वळला आणि म्हणाला, "चला." सुऱ्याने काठ्या वाजवल्या.

कॅसेटवर ती जागा आहे. माझं नाव, टाळ्या, टाळ्या विरतात, मग काहीच नाही, मग "चला". सहा सेकंद होतात. मी घड्याळ लावून मोजली आहेत, एकदा नाही, पुष्कळदा.

नंतर स्टेजमागे चहा पिताना तो म्हणाला, "गिळलंस काय रे नाव?" आणि पाठीत एक धपाटा घातला. मी म्हटलं, "सॉरी यार." तो म्हणाला, "जाऊ दे." त्याने रागावून शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी मी एकटाच कानजीभाईंकडे गेलो, माझ्या आवाजात तेवढं नाव मध्ये जोडा म्हणून गयावया केली. ते म्हणाले, "लाइव्ह लिहिलंय ना भाई कव्हरवर? मग लाइव्ह ते लाइव्ह." कव्हरच खोटं असलेल्या माणसाचा हा बाणेदारपणा बघून मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

कॅसेट निघाली. गजाच्या आईने, ती वर्सोव्याच्या बाजारात पापलेट विकायची, महिनाभर आधीच सगळ्या बाजारात सांगून ठेवलं होतं. कॅसेट हातात आली तेव्हा कव्हरवर भलत्याच पोराचा फोटो. शेजारणी तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण वैतीणबाईचा पोरगा थापा मारतो एवढं घरोघर झालं. घरी टेप लावली तेव्हा आई म्हणाली, "असा का वरडतंय माझा पोर? कोनी मारला त्याला?" बाप मात्र शेवटपर्यंत बसून ऐकत होता. हे मला गजानेच सांगितलं, गोदामात भाकरी मोडता मोडता.

"बाप बोलला, आवाज तुझा हाय. मग ती नावं आली. बाप ऐकतोय, ऐकतोय. मग ते गप्प झालं ना? बाप बोलला, मागे घे. मागे घेऊन परत ऐकलं. बोलला, इथं कोनीतरी बोलायचा होता."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, टेपचा फॉल्ट हाय."

भाकरीचा घास माझ्या हातात तसाच राहिला. त्याने तो बघितला आणि विषय बदलून सुऱ्याच्या ड्रमच्या फाटलेल्या कातड्यावर बोलायला लागला.

कॅसेट चालली, कानजीभाईंना वाटलं त्याहून जास्त. आठ-नऊ महिन्यांनी रॉजरचं दुबईचं काम संपलं आणि तो परत आला. आता कॉलेजांतून बोलावणी येत होती ती कव्हरवरच्या पोराला. मेल्विनने काय ते ठरवलं. वाईट माणूस नव्हता तो, पण गजाला सांगायचं कुणी, यावरून तो सुऱ्याकडे बघत होता, सुऱ्या माझ्याकडे, आणि मी खिडकीबाहेर. कुणीच सांगितलं नाही. गजा नेहमीप्रमाणे गुरुवारी आला, चपला बाहेर काढल्या आणि दारातून बघितलं तर माइकसमोर रॉजर.

रॉजर गजाच्याच चालीने गात होता. कॅसेटवर होतं तसं गाणं आता त्याला भाग होतं. आगीच्या नदीच्या गाण्यात तिसऱ्या ओळीला त्याचा दम तुटत होता. गजा दाराशी उकिडवा बसून दोन वेळा ऐकत राहिला. मग उठून आत आला आणि म्हणाला, "तिसऱ्या ओळीला श्वास घेऊ नको. दुसरीत घेऊन ठेव. तो मानूस लांब हाय, हाक तुटली तर त्याला कळनार नाय." रॉजरला मराठी नीट कळत नव्हतं. मी इंग्रजीत सांगितलं. तेवढ्यापुरता माझा आवाज बरोबर फुटला. रॉजरने तसं गायलं आणि जमलं. "झकास," गजा म्हणाला. कोपऱ्यातला रिकामा डबा उचलला, चपला घातल्या आणि गेला. त्या गोदामातून न गाता चपला घालून निघालेला गजा मी तेवढाच पाहिला.

वर्षाच्या आत फाउंड्रीही बंद पडली. मेल्विन कॅनडाला गेला, सुऱ्याचं लग्न झालं, मी खात्याच्या परीक्षा देऊन हेडक्लार्क झालो. वर्सोवा काही विलायतेत नाही, अंधेरीला उतरून बस पकडली की पाऊण तासात धक्का. मी गेलो नाही. काय तोंडाने जाणार? जावंसं वाटलं की कॅसेट लावायचो, आणि ती सहा सेकंद आली की बंद करायचो.

शेवटचा तो मला भेटला अंधेरी पश्चिमेला, दशक संपता संपता. कचेरीच्या कामासाठी गेलो होतो, अंगावर सफारी, हातात ब्रीफकेस. समोरून गजा आला, डिझेल इंजिनाचं काहीतरी सामान वर्तमानपत्रात बांधून काखेत धरलेलं. केस मागे हटले होते. "अरे नंद्या!" त्याने रस्त्यातच हाक मारली, चार माणसं वळून बघतील अशी. बाप वारला होता. भावांनी बोट विकून नवी घेतली होती. आई थकली होती. गातोस का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "इंजिन चालू असलं की गातो. कोनाला ऐकू जात नाय."

आम्ही एका कॅसेटच्या दुकानासमोर उभे होतो. दुकानदार एका कॉलेजच्या पोराला स्पीकर लावून दाखवत होता, आणि त्याने नेमकी आमचीच कॅसेट लावली. यात योगायोग फारसा नाही, स्पीकर फुटतो की नाही ते बघायला ती कॅसेट बरी असावी. दुकानदाराने टेप पुढे पळवली आणि नावं सुरू झाली. सुरेश, मेल्विन, मी. टाळ्या. मग शांतता.

"इथे अडकते वाटतं," पोरगा म्हणाला.

"सगळ्याच कॅसेटी तिथे अडकतात," दुकानदार म्हणाला. "ओरिजिनलच तसली आहे."

"अडकत नाही," मी म्हणालो. माझा आवाज इतका चढला की दुकानदार दचकला. "अडकत नाही ती. तिथे गायकाचं नाव यायचं होतं. गजानन वैती. हा बघ, हा उभा आहे. हा गायलाय हे सगळं."

पोराने हातातलं कव्हर बघितलं. मग गजाचे डिझेलचे हात बघितले, काखेतलं वर्तमानपत्राचं पुडकं बघितलं. तोपर्यंत स्पीकरमधून शेवटचं गाणं सुरू झालं होतं. पोरगा हसला नाही, उलट आदराने गजाला विचारू लागला, "खरंच तुम्ही?"

मी गजाकडे बघितलं. वाटलं, एवढं एक घे. आता तरी घे.

गजा स्पीकरकडे कान देऊन ती ओळ संपेपर्यंत थांबला. मग त्याने पुडकं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं.

"नाय रे," तो पोराला म्हणाला. "साहेब मस्करी करतायत."

आणि माझ्याकडे न बघता तो बस स्टॉपच्या दिशेने चालायला लागला. मी "गजा" म्हणून हाक मारली, दोनदा मारली. पण माझा आवाज काही त्याच्यासारखा नाही, समोरून बस येत होती, आणि माझं लक्ष पुन्हा पुन्हा त्या एकाच शब्दाकडे जात होतं. त्याने मला साहेब म्हटलं होतं.